व्यसनमुक्ती केंद्रात ठेवण्याआधी

पाचवे शील मोडले म्हणून माणसाची किंमत कमी होत नाही. व्यसन हा आजार आहे. त्याला औषधोपचार हवा, मार नव्हे. घरचा माणूस कुठे ठेवण्याआधी आपण चार गोष्टी पाहू.

१. नोंदणी : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ खालील नोंदणीचे प्रमाणपत्र मागून पाहू.

२. डॉक्टर : रोजची दारू एकाएकी थांबली की पहिल्या काही दिवसांत झटके, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून रात्री-अपरात्री कोणता डॉक्टर येतो, हे विचारू.

३. वागणूक : साखळीने बांधण्यास कायद्याने बंदी आहे. भेटीला गेल्यावर रुग्णाशी एकांतात बोलू. अंगावर वळ दिसले, वजन घटले तर गप्प बसू नये. भेटच नाकारली तर सावध व्हावे.

४. घरी परतल्यावर : पाठपुरावा आणि घरच्यांचे समुपदेशन होते का? पुण्याच्या मुक्तांगणात (स्थापना १९८६) रुग्णांच्या पत्नींसाठीही काम चालते.

कर्ज काढण्याआधी सरकारी दवाखाना गाठू : नांदेडला विष्णुपुरी, लातूरला विलासराव देशमुख संस्थेचा मानसोपचार विभाग. व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६. तक्रारीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत कायदेशीर मदत मागता येते.