कमी धुराची चूल घेताना

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपल्यावर बायका दहा मिनिटे बसतात. यंदा त्या दहा मिनिटांत चुलीचा विषय निघाला. वस्तीत ‘बिनधुराची चूल’ विकणारी गाडी येऊन गेली होती. घ्यावी की नाही, असा प्रश्न होता. एका ताईने ती आधीच घेतली होती आणि तिची चूल सध्या कोंबड्यांच्या खुराड्यावर पालथी पडली आहे. कारण विचारले तर म्हणाली, “धूर कमी होता, खोटं कायले बोलू? पण भाकर मधात करपे अन् काठाले कच्ची राहे. घरचे कुरकुरले, मी जुनी चूल पेटवली.”

पैसे गेले आणि धूर होता तिथेच राहिला. असे आणखी कुणाचे होऊ नये म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर चुलीविषयी.

धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून वाईट भाग दिसत नाही. धुरात केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाइतके आणि त्याहूनही बारीक कण असतात. नाकातले केस ते अडवत नाहीत. ते थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे गेली. त्यात पाच वर्षांखालची मुले २ लाख ३७ हजार होती. आईच्या कडेवर किंवा पाठीशी बसलेले लेकरू तोच धूर घेते आणि त्याला न्यूमोनिया लवकर होतो. गरोदर बाईने रोज धूर घेतला तर बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो. मोतीबिंदू, हृदयविकार, पक्षाघात यांचाही धुराशी संबंध आहे.

आणि आपल्या आज्या! आयुष्यात बिडी तोंडाला लावली नाही, तरी चार पावले चालल्या की धाप लागते. घरचे म्हणतात, म्हातारपणचा दमा. पुष्कळदा तो दमा नसतो. चाळीस वर्षे फुंकणी फुंकून फुफ्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या असतात. सेवाग्राम आणि सावंगीच्या मोठ्या दवाखान्यांत छातीचा विभाग आहे. तिथे नळीत जोरात फुंकायला लावून फुफ्फुसाची तपासणी होते. आजीला एकदा न्याच, आणि डॉक्टरांना “चुलीवर किती वर्षे स्वयंपाक केला” हे आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. लाकडावर चालणारी कोणतीही चूल, कितीही चांगली असली तरी, गॅसची बरोबरी करत नाही. उज्ज्वला योजना १ मे २०१६ पासून आहे. ज्या घरात अजून कनेक्शन नाही त्यांनी आधी तो अर्ज करावा. एकदम मोठा सिलिंडर भरणे जमत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडरही मिळतो. पण आपल्या घरांतली खरी परिस्थिती मला ठाऊक आहे. चहा आणि भाजी गॅसवर, भाकर, वरण आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. मजुरी थांबली की गॅसही थांबतो. म्हणून चूल राहणारच, हे धरून पुढचे लिहिते. घरात तान्हे बाळ किंवा गरोदर बाई असेल तर निदान घरातला स्वयंपाक गॅसवर करा आणि चूल अंगणात पाणी तापवायला ठेवा.

चूल सुधारण्याची खटपट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने १९४० च्या दशकात धुराडे असलेली ‘मगन चूल’ तयार केली. देशातल्या अगदी पहिल्या सुधारित चुलींत तिची गणना होते. (गांधीवाद्यांशी आपले मतभेद आहेत आणि राहतील, पण बाईच्या डोळ्यातले पाणी कुणीतरी पाहिले, हे मान्य करायला हरकत नाही.) पुढे १९८० च्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली बांधण्याचा कार्यक्रम काढला. कोट्यवधी चुली बसल्या आणि २००२ मध्ये केंद्राने तो कार्यक्रम बंद केला. चुली बांधल्या, पण धुराडे कोण साफ करणार, फुटलेली चूल कोण दुरुस्त करणार, हे फारसे कुणी पाहिले नाही. ओडिशातल्या खेड्यांत अभ्यासकांनी अशा धुराड्याच्या चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला. पुढे चुली फुटल्या, बायका जुन्या चुलीकडे वळल्या आणि आरोग्याला काहीच फायदा उरला नाही. म्हणजे आपल्या ताईच्या खुराड्यावरच्या चुलीसारखेच झाले.

धूर का होतो हे समजले तर निवड सोपी होते. धूर म्हणजे न जळलेले सरपण. लाकूड तापले की त्यातून वाफ आणि वायू निघतात. त्यांना पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते ज्वाळेत जळून जातात. नाही मिळाली तर काजळी होऊन भांड्याला आणि आपल्या छातीला लागतात. साध्या तीन दगडांच्या चुलीत खालून हवा येत नाही, बाजूने जाळ निघून जातो. सुधारित चुलीत लाकूड जाळीवर राहते, राख खाली पडते, खालून हवा येते आणि जळण्याची जागा अरुंद असल्याने जाळ तापून वर चढतो.

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, जागेवर बांधलेली, धुराड्याची दोन तोंडांची चूल. पुण्याच्या आरती संस्थेची ‘लक्ष्मी’ चूल या प्रकारची आहे. तिच्यावर मोठा गंज बसतो, पिठले घोटताना ती हलत नाही आणि मागच्या वैलावर पाणी आपोआप तापते. स्वतःचे घर आणि पक्की जागा असेल तर मी हिलाच पसंती देईन. दुसरा, पत्र्याची किंवा स्टीलची सुटी एकतोंडी चूल. हिला सरपण कमी लागते, उचलून अंगणात नेता येते आणि भाड्याच्या घरात सोयीची पडते. पण धुराडे नसते, म्हणून जो काही धूर होतो तो घरातच राहतो. तिसरा, पंख्याची चूल. छोटा पंखा हवा मारतो, त्यामुळे ती सर्वांत स्वच्छ जळते. मात्र लाकडाचे बोटभर तुकडे करावे लागतात, बॅटरी चार्ज करावी लागते आणि पंखा बिघडला की ती नुसता डबा होते. जवळपास दुरुस्ती होत असेल तरच घ्या. फक्त कंपनीच्या कांड्यांवर चालणारी चूल तर घेऊच नका. महाराष्ट्र-कर्नाटकात ‘ऊर्जा’ नावाची अशी चूल लाखो घरांत गेली होती. पुढे कांड्यांचा भाव चढला आणि पुष्कळ घरांत ती बंद पडली.

सुटी चूल घेताना तिच्यावर किंवा खोक्यावर ‘आयएस १३१५२’ हा क्रमांक आणि आयएसआय खूण आहे का ते पाहा. भारतीय मानक ब्युरोचे हे चुलींचे मानक आहे. त्यानुसार साध्या हवेवरच्या चुलीने सरपणातली निदान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीने ३५ टक्के उष्णता भांड्याला दिली पाहिजे. पंख्याच्या चुलीला काजळीची मर्यादाही निम्म्याहून कमी ठरवली आहे. तीन दगडांची चूल साधारण १० ते १५ टक्केच देते. खोक्यावर ‘८० टक्के धूर कमी’ असे लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. ते आकडे प्रयोगशाळेतले असतात. तिथे लाकूड सुकलेले, एकसारखे कापलेले आणि चूल नवी कोरी असते.

कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा. चुलीलाही हेच लावा. विकणाऱ्याला म्हणा, चूल एक दिवस वस्तीत ठेव. तो नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. एकाच मोळीतले एक-एक किलो सरपण किराणा दुकानात मोजून दोन वाटे करा. एकाच घासलेल्या गंजात तीन लिटर पाणी झाकण ठेवून एकदा जुन्या आणि एकदा नव्या चुलीवर उकळा. उकळी फुटायला किती वेळ लागला ते लिहा. उकळी फुटताच उरलेले सरपण मातीत विझवून पुन्हा मोजा. गंजाच्या बुडाला पांढरा कागद पुसून दोन्ही वेळची काजळी शेजारी ठेवा. मग दोन भाकरी टाका. सुट्या चुलीचा जाळ मधोमध एकवटतो, म्हणून भाकर काठाला कच्ची राहते. जाड बिडाच्या तव्याने हा दोष बराच कमी होतो. आणि भाकर निखाऱ्यावर शेकायला जागा आहे का, तेही पाहा. ज्या बाईला त्या चुलीवर रोज बसायचे आहे तिने हे सारे करून पाहावे. घरच्या पुरुषाने तालुक्याच्या बाजारातून परस्पर आणू नये.

सरपणाबद्दल सविस्तर सांगते, कारण अर्धी चूल म्हणजे सरपणच. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते वाफ करण्यातच जाळ संपतो आणि धूर होतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांचे ऊन फुकट मिळते. त्या दोन महिन्यांत लाकूड फोडून, मनगटापेक्षा बारीक करून सुकवा. पावसाळ्याचे सरपण मृगाच्या आधी छपराखाली, जमिनीपासून वीतभर उंच रचा. पऱ्हाटी आणि तुराटी चांगली जळतात, पण भराभर जळतात. लांबच्या लांब चुलीत खुपसून बाहेर लोंबत ठेवली तर धूर तोंडावर येतो. हातभर तुकडे करून दोन-तीनच घाला. पऱ्हाटी रचून ठेवण्याआधी तिच्यावरची न फुटलेली बोंडे तोडून जाळा. त्यांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात तीच कपाशीवर येते. गोवरी धुमसते, तिचा धूर जास्त. ती अंगणातल्या बंबाला ठेवा. प्लास्टिकची पिशवी किंवा ट्यूबचा तुकडा घालून चूल पेटवण्याची सवय मात्र आजच बंद करा. तो धूर विषारी आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेच्या, सेलू-कारंजाकडच्या गावांत तर सरपण वाचले की रानातली एक फेरी वाचते, आणि त्या फेरीत वाघाची भीती असते.

हल्ली काही ठिकाणी चुली फुकट वाटतात, फक्त आधार कार्ड आणि अंगठा घेतात. कंपन्या वाचलेला धूर ‘कार्बन क्रेडिट’ म्हणून विकतात, त्यातून हा खर्च निघतो. घेण्यात गैर काही नाही. पण कागद विहारातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या, त्याची प्रत मागा आणि चूल बिघडली तर कोण दुरुस्त करणार ते लिहून मागा.

धुराड्याची चूल बांधली तर नळी छपराच्या सर्वांत उंच भागाच्या दोन हात वर जाऊ द्या आणि गवती छपराला किंवा लाकडी वाशाला टेकू देऊ नका. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून काजळी काढा. आपली घरे भिंतीला भिंत लागून आहेत. ठेंगणे धुराडे म्हणजे आपला धूर शेजारच्या पाळण्यात. एका घराने चूल बदलून भागत नाही, हेही खरे आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशात १० हजारांवर मुलांच्या घरांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या घरांना पंख्याच्या चुली दिल्या होत्या, तरी मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही. शेजारचा धूर, जाळलेला कचरा आणि घरातली तंबाखू तिथेच होती, हे त्याचे एक कारण मानतात. म्हणून दहा घरांनी मिळून चुली घ्याव्यात आणि गल्लीत कचरा जाळणे थांबवावे. भावही कमी करून मिळेल.

शेवटी एक धोक्याची गोष्ट. निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. थंडीत दार-खिडकी लावून घमेल्यात निखारे ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत. कमी धुराची चूलही बंद खोलीत रात्री पेटती ठेवू नका. डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

त्या ताईची चूल खुराड्यावरून खाली आली आहे. तिने भाकर गॅसवर घेतली. वरण आणि आंघोळीचे पाणी त्या चुलीवर, अंगणात. सिलिंडर आधीपेक्षा थोडा लवकर संपतो, असे तिचे म्हणणे आहे, आणि तुराटीची मोळी जास्त दिवस पुरते.