स्टेटस ठेवलं, आता ठाण्यात बोलावलंय

प्रश्न : माझ्या पुतण्याने गावातल्या रस्त्याच्या कामावर व्हॉट्सॅपला बोचरं स्टेटस ठेवलं. कुणीतरी तक्रार केली. काल ठाण्यातून फोन आला, ‘उद्या ये, मोबाइल घेऊन ये.’ घरचे म्हणतात, माफी लिहून दे आणि सुटका करून घे. अटक होईल का? पासवर्ड द्यावाच लागतो का?
– एक वाचक, वाई

उत्तर : माफीनाम्याची घाई नको. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही हे खरं, पण माफीनामा म्हणजे कबुली की नाही, यावर वकील वर्षं काढू शकतात.

आधी विचारा : गुन्हा दाखल झालाय का, आणि कोणत्या कलमाखाली? नुसत्या लिहिण्या-बोलण्यावरून तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा आरोप असेल, तर थेट गुन्हा न नोंदवता आधी प्राथमिक चौकशीचा मार्ग घ्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात सांगितलं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 19 मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला मर्यादा आहेत, पण रस्त्याच्या खड्ड्यांवरची टीका त्या मर्यादांच्या जवळपासही येत नाही. कुणी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ‘66 अ’ दाखवलं, तर ते कलम 2015 मध्येच श्रेया सिंघल खटल्यात रद्द झालंय. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, तिथून त्या खटल्याची सुरुवात. तरीही पुढे कित्येक वर्षं ठाण्यांमध्ये हे कलम लागत राहिलं, म्हणून मुद्दाम सांगतो.

गुन्हा नोंदवला असेल आणि अटकेची गरज नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 ची नोटीस द्यावी लागते. ती कागदावर हवी. व्हॉट्सॅपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये स्पष्ट केलं. नोटीस मिळाली की मात्र तारीख चुकवू नका. हजर राहणाऱ्याला अटक करायची, तर पोलिसांना त्याची कारणं नोंदवावी लागतात.

अटक झालीच, तर अनुच्छेद 22 कामाला येतो. अटकेची कारणं सांगायची, वकिलाला भेटू द्यायचं, आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. पोलीस कोठडी मागण्याची ती पहिली सुनावणी अनेकदा पाच मिनिटांत आटोपते, आणि नेमका तेव्हाच पोरगा गप्प उभा असतो. मारहाण झाली असेल, कारणं लेखी मिळाली नसतील, तर ते तिथेच बोलायचं आणि नोंदवून घ्यायचं. आठ दिवसांनी सांगितलं, तर ‘तेव्हा का नाही बोललात’ हाच प्रश्न येतो. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत देतं, दूरध्वनी 15100.

पासवर्डचं उत्तर तितकं सरळ नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती अनुच्छेद 20(3) ला मंजूर नाही. मात्र बोटांचे ठसे देणं म्हणजे साक्ष नव्हे, असा 1961 चा निकाल आहे. पासवर्ड यातल्या कोणत्या बाजूला पडतो, यावर उच्च न्यायालयांचे निकाल वेगवेगळे आहेत. तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय फोन उघडून देऊ नये. जप्त केलाच, तर पंचनाम्याची प्रत मागा.

प्रश्न : माझा भाऊ शिक्षा भोगतो आहे. त्याने तुरुंगात लिहिलेल्या वह्या बाहेर देत नाहीत. शिक्षा झालेल्याला हक्क असतात का?
– एक वाचक, नगर

उत्तर : असतात. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणूविषयी मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित छपाईला पाठवायला सरकार तयार नव्हतं. म्हणणं असं, की स्थानबद्धांच्या सवलतींच्या यादीत पुस्तक छापणं बसत नाही. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं : नियमाने जे काढून घेतलेलं नाही, ते माणसाकडे राहतं. ते स्थानबद्ध होते, तुमचा भाऊ शिक्षाबंदी आहे. पण शिक्षेने मूलभूत हक्क संपत नाहीत, हे 1978 च्या सुनील बत्रा निकालाने मान्य केलं. मजकूर तपासण्याचा अधिकार तुरुंगाला आहे. म्हणून अधीक्षकांना लेखी अर्ज करा आणि नकार आला तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी मागा. मग उच्च न्यायालय आहेच. याच बत्रांनी दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल तुरुंगातून पाठवलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं होतं.