वेबसाइटचं नाव कोणाच्या नावावर आहे?



मागच्या प्रभागसंघाच्या बैठकीत मसाला करणाऱ्या एका गटाच्या ताईंनी प्रश्न विचारला. त्यांच्या गटाची वेबसाइट तालुक्याच्या गावातल्या एका ओळखीच्या मुलाने करून दिली होती. मुलगा पुढे नोकरीसाठी पुण्याला गेला. यंदा वर्षाचे पैसे भरायची वेळ आली, तेव्हा कळलं की वेबसाइटचं नाव त्याच्याच नावावर आहे. "पाकिटावर तेच नाव छापलंय. उद्या त्याने ते दुसऱ्याला दिलं तर?" बैठकीत कोणालाच नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा पाठ.

वेबसाइटच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असतं ना, ते अख्खं नाव. असं नाव जगात एकच असतं आणि ते कायमचं विकत मिळत नाही. बाजारातल्या गाळ्यासारखं ठरावीक मुदतीसाठी, बहुधा वर्षाच्या बोलीने मिळतं. भाडं थकलं की थोडी सवलत मिळते, मग ते नाव कोणीही घेऊ शकतं. आणि देताना "हे नाव खरंच तुमचं का?" असं कोणी विचारत नाही. जो आधी पैसे भरेल त्याला मिळतं. भांडणाचं मूळ इथेच आहे.

आपल्या मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली असंच एक भांडण आलं. रेडिफ नावाची वेबसाइट चांगली चालत होती. दुसऱ्या कोणी तरी इंग्रजीत फक्त दुसरं अक्षर बदललं, 'ई'च्या जागी 'ए', आणि रॅडिफ नावाने डोमेन घेतलं. न्यायालयाने त्यांना ते नाव वापरायला मनाई केली. डोमेन म्हणजे नुसता पत्ता नाही, ट्रेडमार्कसारखंच त्याला संरक्षण मिळायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं.

पुढे २००४ साली सर्वोच्च न्यायालयाचाही निकाल आला. सत्यम इन्फोवे कंपनीने आपल्या नावातली अक्षरं घेऊन 'सिफी' हा शब्द बनवला आणि १९९९ पासून त्या नावाने डोमेन घेतली. २००१ मध्ये दुसऱ्या कंपनीने एक 'एफ' जास्त घालून जवळपास तसंच नाव घेतलं. आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची ही पहिली अक्षरं आहेत, असं त्यांचं म्हणणं! न्यायालयाला ते पटलं नाही. डोमेनसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, पण एकाच्या नावावर दुसऱ्याने आपला माल खपवू नये हा जुना नियम इथेही लागू होतो, असं न्यायालयाने सांगितलं.

प्रत्येक वेळी असाच निकाल लागेल असं मात्र समजू नका. 'कबाडी बाजार' या नावावरून दोन वेबसाइटवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. २००२ मध्ये न्यायालयाने दुसऱ्याला अडवायला नकार दिला. भंगाराच्या बाजाराला सगळेच कबाडी बाजार म्हणतात, तो शब्द एकट्याचा कसा होणार? आपल्या गटांची नावं पाहा: 'घरगुती मसाले', 'गावरान लोणचं'. माल कळतो, पण नावावर हक्क सांगणं अवघड. त्यापेक्षा गावाच्या डोंगराचं, ओढ्याचं किंवा स्वतः जुळवलेलं वेगळं नाव बरं.

न्यायालयात बघतात ते हेच: नाव आधी कोणी वापरलं, गिऱ्हाईक ते कोणाचं म्हणून ओळखतं. म्हणजे तुमची जुनी बिलं, पाकिटं, सरस प्रदर्शनातले फोटो हा पुरावा. रद्दीत घालू नका. जमलं तर ट्रेडमार्कची नोंदणीही करा. ती १० वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते.

डॉट इनच्या नावासाठी न्यायालयाबाहेरही तक्रार करता येते. ही नावं 'निक्सी' ही संस्था सांभाळते आणि लवाद नेमते. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: नाव आपल्या नावासारखंच आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं. पण फी, वकील, कागदपत्रं यात एका हंगामाचा नफा जाऊ शकतो. लढाईची वेळ येऊ न देणंच बरं.

त्या ताईंना आम्ही सुचवलं ते असं. तो मुलगा चोर नाही. डोमेन घेताना ईमेल आणि मोबाइल लागतो. गटाचा ईमेल नव्हता, त्याने स्वतःचा दिला. आधी गोडीने बोला. डोमेन गटाकडे द्यावं असा ठराव लिहा, सह्या घ्या, त्याची प्रत पाठवा. तो तयार झाला की नाव असलेला माणूस, ईमेल आणि मोबाइल, तिन्ही बदलून घ्या. नुसता पासवर्ड घेऊन थांबू नका.

नवीन गटांनी डोमेन घेण्याआधीच ठराव करावा. ईमेल गटाचा असावा, पैसे गटाच्या खात्यातून जावेत, पावती दप्तरात लागावी. भाड्याची तारीख कर्जाच्या हप्त्यासारखी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पहिल्या वर्षी स्वस्त आणि पुढे महाग असंही असतं, तेवढं आधीच विचारून घ्या.

गटात चर्चेसाठी: आपल्या वेबसाइटचं, फेसबुक पानाचं आणि व्हॉट्सअॅप बिझनेसचं सिम आज कोणाच्या नावावर आहे? पुढच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून आणा.