कॉलेज सोडू द्यावं का?

प्रश्न : मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोडिंग घरीच शिकलाय, आता कॉलेज सोडतो म्हणतो. काय करावं?

उत्तर : आधी त्याला विचारा, प्रोग्रॅम चालेना तेव्हा रात्री किती वाजेपर्यंत बसला होतास? खरंच शिकत असेल तर सांगता सांगता थांबणार नाही. तरी हे वर्ष पुरं करू द्या. २०२०च्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे, कॉलेजात चौकशी करा. उद्या एमपीएससीची राज्यसेवा द्यावीशी वाटली तर पदवी लागेलच. ही पदवी नोकरी सांभाळून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातूनही घेता येते. घरी एकच गोष्ट मिळत नाही : जर्नलवर लाल रेघ मारून ‘पुन्हा कर’ म्हणणारे सर. त्यांची जागा कोण घेणार, तेही त्यालाच विचारा.