संयुक्त सैनिकी सरावाचा बोध : शिरूर-दौंडच्या संदर्भात

राष्ट्रसंरक्षण म्हटले की सीमेवरील युद्ध डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु २ ते ८ मार्च २०१६ या काळात पुण्यातील औंध लष्करी तळावर झालेल्या 'फोर्स १८' या संयुक्त सरावाचे विषय निराळे होते. आसियान संघटनेचे दहा सदस्य देश आणि भारत, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड अशा अठरा देशांसाठी तो योजण्यात आला होता. भूदलांचा इतका मोठा बहुराष्ट्रीय सराव तोपर्यंत भारतभूमीवर झालेला नव्हता. चाळीस जणांच्या भारतीय तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केले. अशा सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी होत.

शांतिरक्षण आणि भूसुरुंगांचे निर्मूलन हे या सरावाचे दोन विषय होते. युद्ध संपले तरी जमिनीत पुरलेले सुरुंग संपत नाहीत. शेते व पायवाटा वर्षानुवर्षे धोक्याच्या राहतात. असे क्षेत्र शोधणे, त्यावर खुणा करणे, सुरुंग निकामी करणे आणि रहिवाशांना सावध करणे ही कामे ठरलेल्या क्रमानेच व्हावी लागतात. प्रत्येक सैन्याची आज्ञांची भाषा, खुणा व साधने वेगळी असतात. ती प्रथमच प्रत्यक्ष संकटात एकत्र आली, तर अमूल्य वेळ परस्परांना समजून घेण्यातच जातो. सरावात उणिवा उघड होतात, पण त्यांची किंमत प्राणांनी मोजावी लागत नाही. पुढे २० ते २२ डिसेंबर २०२१ या काळात पुण्यातच बिमस्टेक देशांसाठी झालेल्या 'पॅनेक्स-२१' सरावात, साथरोगाच्या काळात नैसर्गिक आपत्ती ओढवल्यास काय करावे, हा प्रश्न हाताळण्यात आला.

हाच प्रश्न भीमाकाठच्या गावांपुढेही आहे. पुण्याहून येणारी मुळा-मुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडस परिसरात भीमेला मिळते. शिरूरजवळून वाहणारी घोड नदीही पुढे भीमेतच येते, आणि हे सारे पाणी दौंडवरून जाते. त्यामुळे गावात पाऊस नसतानाही घाटमाथ्यावरील पावसाने आणि धरणांतील विसर्गाने नदीला पूर येऊ शकतो. आकाश निरभ्र पाहून नदीकाठचे विद्युतपंप काढण्यास उतरलेला शेतकरी अशा वेळी संकटात सापडतो. याखेरीज रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे आग अथवा वायुगळतीचाही विचार करावा लागतो.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ४१ नुसार आपले कर्मचारी प्रशिक्षित ठेवणे व साधने वापरास सज्ज ठेवणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. लेखी आराखडा दप्तरात ठेवल्याने हे कर्तव्य पूर्ण होत नाही. विसर्गाचा इशारा प्रथम कोणाला मिळणार, वीज गेल्यास दवंडी कोण देणार, वृद्ध व आजारी व्यक्तींना कोण हलविणार, शाळेच्या खोल्यांच्या किल्ल्या रात्री कोणाकडे असणार, जनावरे कोठे बांधणार, या प्रश्नांची उत्तरे नावानिशी ठरली पाहिजेत.

पावसाळ्यापूर्वी सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, शिक्षक व आरोग्यसेविका यांनी नदीकाठच्या एखाद्या वस्तीपुरता तरी सराव घ्यावा. इशारा मिळाल्यापासून शेवटचे कुटुंब सुरक्षित स्थळी पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, याची नोंद ठेवावी आणि दिसलेल्या उणिवा ग्रामसभेपुढे मांडाव्यात. नदीच्या दोन्ही तीरांवरील गावांनी हा सराव एकाच दिवशी केल्यास परस्परांचे दूरध्वनी, नावा व वाहने यांची माहितीही पारखून घेता येईल.

जिल्हा प्रशासनाच्या मागणीवरून सैन्य वा आपत्ती प्रतिसाद दल मदतीला येते. परंतु ते पोहोचेपर्यंतचे पहिले काही तास गावाचेच असतात. भाषा व शिस्त भिन्न असलेल्या अठरा देशांना जे एकत्र येऊन शिकावेसे वाटले, ते एका नदीच्या दोन तीरांना अवघड वाटू नये.