मोटारीतील साहाय्यक यंत्रणा आणि अपघाताची जबाबदारी

अचलपूर-परतवाड्याहून अमरावती वा अंजनगावकडे जाणाऱ्या रस्त्यांवर हंगामात कापसाच्या बंड्या, संत्र्यांचे ट्रक आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीही आढळतात. याच रस्त्यांवर आता कॅमेरा व रडार बसविलेल्या मोटारी धावू लागल्या आहेत. पुढील वाहनाचे अंतर त्या स्वतः मोजतात आणि प्रसंगी ब्रेकही लावतात. अशी मोटार बंडीवर मागून आदळली आणि “ब्रेक आपोआप लागावयास हवा होता” असे चालकाने सांगितले, तर दोष कोणाचा?

अशा यंत्रणांच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मानल्या जातात. आपल्याकडील मोटारी सामान्यतः दुसऱ्या पायरीपर्यंतच्या आहेत. या पायरीवर यंत्र वेग व सुकाणू सांभाळते. रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम मात्र माणसाचेच असते. जाहिरातींत हा भेद पुष्कळदा पुसट होतो. पांढरे पट्टे पुसले गेले, काचेवर चिखल बसला किंवा चिखलदऱ्याच्या घाटात धुके दाटले की कॅमेऱ्याची दृष्टी मंदावते.

कायद्याच्या दृष्टीने आज चालक हाच प्रथम जबाबदार होय. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. नुकसानभरपाईचा भार मालक व विमा कंपनीवर येतो. निर्मात्याची सुटका होते असे मात्र नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ८४ नुसार रचनेतील दोष, तसेच वापराच्या पुरेशा सूचना वा इशारा न देणे, यांबद्दल त्याला जबाबदार धरता येते. परंतु हा मार्ग मुख्यतः मोटार घेणाऱ्या ग्राहकाचा आहे. बंडीवाल्याने ती मोटार विकत घेतलेली नसते.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २०१९ साली झालेल्या अपघातात चालक खाली पडलेला फोन उचलण्यास वाकला होता आणि रस्त्याकडेला उभी असलेली तरुणी मरण पावली. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्यूरीने दोषाचा सुमारे एक तृतीयांश वाटा टेस्ला कंपनीवर ठेवला. मोटारीच्या संगणकातील नोंदींना त्या खटल्यात मोठे महत्त्व आले.

पोलीस पाटील व सरपंच यांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. वाहन कार्यशाळेत गेले, दुरुस्ती झाली की नोंदी नाहीशा होण्याचा संभव असतो. म्हणून वाहन हलविण्यापूर्वी पंचनाम्यात यंत्रणा चालू होती काय, कॅमेऱ्याची काच स्वच्छ होती काय, रस्त्यावर पट्टे होते काय आणि बंडीला रिफ्लेक्टर होता काय, हे नमूद व्हावे. संगणकीय नोंदी जपून ठेवण्याची लेखी मागणी तपासी अधिकाऱ्याकडे तत्काळ करावी. न्यायालयात त्या सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. रस्त्याच्या सदोष रचनेमुळे वा देखभालीअभावी मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास मोटार वाहन अधिनियमाचे कलम १९८-अ संबंधित यंत्रणेला व ठेकेदारालाही लागू होते, याचा सहसा विसर पडतो.

दोष माणसाचा की यंत्राचा, हा वाद वर्षानुवर्षे चालू शकेल. जखमी कुटुंबाने तोवर थांबण्याचे कारण नाही. याच अधिनियमाच्या कलम १६४ खाली कोणाचाही निष्काळजीपणा सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. मात्र ही रक्कम स्वीकारल्यास कलम १६६ खालील अधिक भरपाईचा दावा संपुष्टात येतो. तेव्हा सही करण्यापूर्वी कुटुंबाला हे समजावून सांगितले पाहिजे.