सशाचे मांस : हलके खरे, पण औषध नव्हे

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आमच्या म्हाताऱ्याला सशाचं मटण चालंल का? हलकं असतं म्हणत्यात." कुणी दम्यासाठी विचारतो, कुणी बाळंतिणीसाठी, कुणी अंगात रक्त कमी आहे म्हणून. प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर 'चालते' किंवा 'चालत नाही' एवढ्यावर संपत नाही. म्हणून आजचा लेख या विषयावर.

पहिली गोष्ट म्हणजे कोणता ससा? मराठीत आपण दोन वेगळ्या प्राण्यांना एकच नाव देतो. आपल्या माळरानावर, गवतात आणि उसाच्या फडात जो असतो तो रानससा. रंगाने मातकट, मानेमागे गडद पट्टा, पाय लांब. तो बिळात राहत नाही, गवतात अंगापुरता खळगा करून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात आणि त्यांचे डोळे उघडे असतात. पिंजऱ्यात पाळतात तो पांढरा किंवा करडा ससा मूळचा युरोपातला. त्याची पिल्ले जन्मतः उघडी असतात आणि डोळे मिटलेले. दोघांची जात इतकी वेगळी की त्यांचा संकरही होत नाही.

हा फरक सांगण्याचे कारण कायद्यात आहे. रानससा हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राणी आहे. त्याला मारणे, पकडणे, त्याचे मांस विकणे, विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. 2022 मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आता अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'फडातून आपोआप निघाला, कुत्र्याने धरला, आम्ही काय केले' हे म्हणणे तिथे चालत नाही. फडाची शेवटची सरी तोडताना आत कोंडलेला ससा बाहेर उडी मारतो आणि सगळे कोयते टाकून त्याच्यामागे धावतात. दिवसभर उन्हात राबणाऱ्या माणसाला मांस महिन्यातून एखाद्या वेळीच मिळते, हे मी जाणतो. पण पुढे कोर्टाच्या ज्या तारखा पडतात त्यांत हंगामाची उचलसुद्धा पुरत नाही.

माझी काळजी मात्र कायद्यापेक्षा वेगळी आहे. रानातला ससा शेतातच चरतो. फवारणी केलेला पाला, दाणेदार कीटकनाशक टाकलेली सरी, उंदरांसाठी ठेवलेले आमिष हे सगळे त्याच्या वाटेत असते. उंदीर मारायचे झिंक फॉस्फाइड पोटात गेले की त्यातून विषारी वायू तयार होतो. रक्त पातळ करणारी उंदरांची औषधे प्राण्याच्या यकृतात बरेच दिवस साठून राहतात. त्यामुळे बांधावर मरून पडलेला, झिंगल्यासारखा चालणारा, तोंडाला फेस आलेला किंवा फार सहज हाती लागलेला प्राणी, मग तो ससा असो की कवडा असो, खाऊ नये. "शिजवल्यावर विष मरते" असे पुष्कळांना वाटते. शिजवल्याने जंतू मरतात, विष मरत नाही. असे मांस खाल्ल्यावर उलटी, मळमळ, खूप लाळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक दिसणे यांपैकी काही झाले तर घरगुती उपाय करत बसू नका. रुग्णाला थेट शासकीय रुग्णालयात न्या आणि काय खाल्ले ते न लपवता सांगा. कायद्याच्या भीतीने खरे सांगितले नाही तर उपचाराचा मोलाचा वेळ जातो.

आता पाळीव सशाकडे वळू. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जाती. राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथे सशांवरही बरेच काम झालेले आहे. मादी साधारण महिनाभरात विते आणि एका वेळी सहा ते आठ पिल्ले देते. बारा आठवड्यांत पिल्लू दोन किलोच्या आसपास भरते. त्यातून हाडासकट एक किलो, फार तर थोडे जास्त मांस निघते.

ऐकायला हे फार गोड वाटते. पण सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. त्याला मानवते हवा पंधरा ते पंचवीस अंशांची, आणि आपल्या बीड जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. नराची प्रजननशक्ती त्या उन्हात मंदावते, पिल्ले दगावतात. तेव्हा 'पिंजरे आमचे, ससे आमचे, माल आम्हीच उचलू' म्हणणाऱ्याला पैसे मोजण्यापूर्वी एक उन्हाळा डोळ्यांपुढे आणावा आणि पशुवैद्यकाला विचारावे. मांस विकायचे असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखालचा परवानाही लागतो. हा विषय माझा नाही, म्हणून इथेच थांबतो.

मांसात काय असते ते पाहू. पाळीव सशाच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसात प्रथिने सुमारे 20 ग्रॅम, चरबी साडेपाच ग्रॅम आणि उष्मांक 136 च्या आसपास असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत मटणाला प्रथिने साडेअठरा, चरबी सव्वातेरा आणि उष्मांक 194 दिलेले आहेत. म्हणजे मेंढीच्या चरबीदार मटणाशी तुलना केली तर ससा निश्चितच हलका. पण त्याच तक्त्यांत बोकडाच्या निवडक, चरबी काढलेल्या मांसात प्रथिने एकवीस ग्रॅम आणि चरबी साडेतीन ग्रॅम आहे. तेव्हा 'सशासारखे मांस नाही' ही केवळ हौसेची बोली झाली. बोकडाचे मटण घेताना चरबी काढून टाकली तर तेच काम होते.

अंगात रक्त कमी म्हणून ससा खाऊ घालणाऱ्यांनी तर हे नीट वाचावे. सशाच्या शंभर ग्रॅम मांसात लोह दीड-पावणेदोन मिलिग्रॅम असते. बोकडाच्या मांसात त्याहून अधिक असते. बाईमाणसाला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागते असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितले. म्हणजे सशाच्या एका वाटीने रक्त भरून निघत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी 54 जणींत रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी जवळपास 69 जणांत. त्यावर उपाय म्हणजे रक्ताची तपासणी, जंताचे औषध, आरोग्य केंद्रात फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि रोजचा आहार. मांसाचा एक गुण मात्र मान्य करावा लागेल. ताटात थोडेसे मांस असले तर भाकरी, डाळ आणि पालेभाजीतले लोहही अंगी जास्त लागते. वर लिंबू पिळले तर आणखी चांगले. आणि जेवण होताच चहाचा कप तोंडाला लावला तर यातले बरेचसे वाया जाते. चहा तासा-दीड तासाने घ्यावा.

सशाच्या मांसाची खरी जमेची बाजू वेगळीच आहे. त्यात बी-12 हे जीवनसत्त्व भरपूर असते, शंभर ग्रॅमला सुमारे सात मायक्रोग्रॅम. दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमची. हातापायाला मुंग्या येणे, जीभ लाल होणे, विसरभोळेपणा अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या शाकाहारी मंडळींत याची कमतरता वरचेवर दिसते. त्यांनी ससा खावा असे मी म्हणत नाही. दूध, दही आणि गरजेप्रमाणे गोळी किंवा इंजेक्शन त्यांच्यासाठी आहेच. मांसात मीठही मुळात थोडे असते. रक्तदाब वाढवते ते आपण वरून घातलेले मीठ आणि तोंडी लावायचे लोणचे-पापड.

दमा सशाच्या मांसाने बरा होत नाही. रक्ताने तर नाहीच. चरकसंहितेत सशाचे मांस लघु, रूक्ष आणि शीत म्हटले आहे. ते पचायला हलके आणि कोरडे असते हे आजच्या तक्त्यांशीही जुळते. पण त्याचा अर्थ इन्हेलर बंद करून ससा शोधत हिंडावे असा होत नाही.

कोणी जपून खावे? ज्यांचे मूत्रपिंड बिघडले आहे त्यांनी कोणतेही मांस डॉक्टरांनी सांगितलेल्या मापातच घ्यावे. अंगठ्याचा सांधा रात्री ठणकतो, युरिक ॲसिड वाढलेले आहे, त्यांना सशाचे मांसही मटणासारखेच त्रास देऊ शकते. रस्सा पिऊन मांस बाजूला ठेवणे हा काही पथ्याचा मार्ग नव्हे, कारण त्रास देणारे पदार्थ रस्श्यातही उतरतात. गरोदर बाईने पूर्ण शिजलेले मांस खावे, मात्र काळीज वरचेवर खाऊ नये, त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असते.

नुसत्या बिनचरबीच्या मांसावर माणूस जगत नाही, याची एक नामी हकिगत आहे. विल्यालमूर स्टेफान्सन नावाचा एक प्रवासी उत्तर ध्रुवाकडच्या लोकांत राहिलेला होता. 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्याच्यावर केवळ मांसाहाराचा प्रयोग झाला. सुरुवातीला त्याला चरबी काढलेले मांस दिले, तर दोन-तीन दिवसांतच मळमळ आणि जुलाब सुरू झाले. चरबी दिल्यावर तो बरा झाला. थंड प्रदेशात हिवाळ्यात केवळ सशांवर दिवस काढणाऱ्यांची अशीच गत होते, म्हणून इंग्रजीत त्याला 'सशाची उपासमार' म्हणतात. प्रथिनांचा कचरा युरियाच्या रूपाने बाहेर काढण्याची यकृताची ताकद मर्यादित असते, हे त्याचे कारण. आपल्या ताटात भाकरी आणि तेल असते, त्यामुळे आपल्याला ही भीती नाही. पण व्यायामशाळेत जाणारी जी पोरे भाकरी सोडून नुसते उकडलेले मांस, अंड्याचे पांढरे आणि डब्यातली भुकटी खातात, त्यांनी हा प्रकार लक्षात ठेवावा.

आता स्वयंपाकघरात जाऊ. ससा सोलताना हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला द्यावे. हातमोजे घालावेत, नाही तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला बांधावी. नंतर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावेत. कोशिंबिरीचा कांदा त्याच पाटावर चिरू नये. सशापासून माणसाला होणारा ट्युलारेमिया नावाचा ताप अमेरिका-युरोपात माहीत आहे. आपल्याकडे तो नेहमीच्या पाहण्यातला नाही, पण स्वच्छतेला पैसे पडत नाहीत. काळजावर पांढरे ठिपके किंवा गाठी दिसल्या तर ते टाकून द्यावे. पित्ताची पिशवी न फोडता काढावी, फुटली तर सगळे कालवण कडू होते. आतडी आणि पडदे कच्चे कुत्र्याला घालू नयेत, खड्ड्यात पुरावेत. त्यातल्या बुडबुड्यांतून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात. सशाला औषध-इंजेक्शन दिलेले असेल तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस उलटल्याशिवाय तो कापू नये.

मांसात चरबी नसल्यामुळे ते चटकन वातड होते. म्हणून एक किलो मांसाला वाटीभर दही, आले-लसूण, हळद आणि थोडे मीठ लावून तास-दोन तास झाकून ठेवावे. उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये. मग दोन कांदे आणि मूठभर सुके खोबरे भाजून वाटावे. चार चमचे तेलात वाटण परतून आपला नेहमीचा काळा मसाला घालावा. मांस परतावे, गरम पाणी ओतावे आणि मंद आचेवर झाकण ठेवून शिजवावे. कोवळा ससा तासाभरात शिजतो. कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या पुरतात, जून असेल तर जास्त. मांस हाडापासून सुटले पाहिजे आणि आत गुलाबी रंग राहता कामा नये. रस्सा दाट करायला आपल्याकडचा येसर उत्तम, त्याने तेलाचे काम कमी होते. एवढे हलके मांस आणून त्यावर बोटभर तर्री आणायची असेल तर डुकराचे मांस काय वाईट होते! मांस भाजून खायचे असेल तर त्याला आधी वाफ द्यावी आणि मग तव्यावर थोड्या तेलात परतावे. थेट आगीवर बाहेरून कोळसा होतो आणि आत कच्चे राहते.

पाच माणसांच्या घरात एक किलो मांस वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला हाडे वगळून दीडशे ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे तीस ग्रॅम प्रथिने. 65 किलोच्या माणसाची दिवसाची गरज 54 ग्रॅमची. उरलेली तुरीची डाळ, मटकी, शेंगदाणे आणि भाकरी सहज भरून काढतात. वाटप करताना बाईच्या ताटात नुसता रस्सा आणि मानेची हाडे येतात, हे घरोघरी दिसते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला आधी वाढावे.

सशाची हाडे बारीक असतात, शिजल्यावर त्यांच्या टोकदार काड्या होतात. लहान मुलांना आणि दात नसलेल्या म्हाताऱ्यांना मांस हाताने सोडवून, बोटांनी चाचपून द्यावे. घशात हाड अडकले तर भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावू नये, त्याने ते आणखी रुतते. गिळता येत नसेल, लाळ गळत असेल किंवा श्वास अडत असेल तर लगेच रुग्णालय गाठावे. उरलेले कालवण दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवावे. रात्रभर वीज नसेल तर सकाळी ते टाकून द्यावे, वासावर विसंबू नये.